धाकाचा देव सोडताना

मी तुमची सहयोगिनी ताई बोलतेय. एरवी या वेळेला आपण अंतर्गत कर्ज, शेळ्यांचं लसीकरण, ग्रामसंघाचं इतिवृत्त असलं काहीबाही बोलतो. आज विषय वेगळा आहे. मागच्या भागानंतर एका बहिणीचा फोन आला होता. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. तिनं विचारलं, "ताई, देवावरचा विश्वास सोडायचा नाही, पण देवाची जी धडकी भरलीय ती सोडायची आहे. असं होतं का कुणाचं?" ती ख्रिस्ती घरातली आहे. तिनं विचारलं म्हणून मी ख्रिस्ती धर्मातलीच गोष्ट सांगणार आहे, आणि तीही बरीचशी अमेरिकेतली, कारण हा प्रकार तिथं फार वाढला आणि त्यातून बाहेर पडलेल्या माणसांनी, विशेषतः बायांनी, त्याबद्दल मोकळेपणानं लिहूनही ठेवलं. बाकीच्या मैत्रिणींनी रेडिओ बंद करू नका. कोपणारा देव काय एकाच घरात राहतो का?

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. ख्रिस्ती धर्म म्हणजे भीती, असं मी म्हणत नाहीये. त्या धर्मात शेकडो पंथ आहेत. कुणी शाळा-दवाखाने काढले, कुणी नुसती शांत बसून प्रार्थना करतात. मी बोलतेय त्यातल्या एका कडक वळणाबद्दल, ज्याला मूलतत्त्ववाद म्हणतात. हा शब्द आपण पेपरात सगळ्याच धर्मांसाठी वाचतो, पण तो निघाला ख्रिस्ती लोकांतूनच. अमेरिकेत तेलाच्या धंद्यात पैसा कमावलेल्या दोन स्टुअर्ट भावांनी १९१० ते १९१५ या काळात 'द फंडामेंटल्स' नावाची बारा पुस्तकं छापून पाळकांना, मिशनऱ्यांना फुकट वाटली. फंडामेंटल्स म्हणजे मूलतत्त्वं. पवित्र शास्त्रात एकही चूक नाही, जे लिहिलंय ते तसंच घडलं, आणि ते न मानणारा वाट चुकलेला, असा त्यांचा सूर. नव्या शास्त्रीय शोधांनी धर्म बुडेल अशी त्या लोकांना खरोखरच काळजी वाटत होती. काळजी खोटी नव्हती. पण काळजीतून कुंपण झालं आणि कुंपणाच्या आतल्यांना बाहेरच्याची भीती घालणं सुरू झालं.

नरकाची भीती तर त्याआधीची. १७४१ साली एनफिल्ड नावाच्या गावात जोनाथन एडवर्ड्स या पाळकानं एक प्रवचन दिलं. माणूस म्हणजे आगीवर धरलेला कोळी, आणि देवाचा हात सुटला की संपलं, असं चित्र त्यानं उभं केलं. ऐकणारे लोक रडू-ओरडू लागले, असं नोंदलेलं आहे. ते प्रवचन आजही तिथल्या शाळांत साहित्य म्हणून वाचतात.

पुढं आणखी एक भीती आली. एकोणिसाव्या शतकात जॉन डार्बी नावाच्या प्रचारकानं असं मांडलं की येशू परत येताना खरे विश्वासणारे एका क्षणात वर उचलले जातील आणि बाकीचे संकटात मागं राहतील. हे कधीही होईल, आत्तासुद्धा. १९७२ साली यावर 'अ थीफ इन द नाईट' नावाचा सिनेमा निघाला आणि चर्चमध्ये, मुलांच्या शिबिरांत तो दाखवला जाऊ लागला. त्यात एक बाई सकाळी उठते तर नवरा घरात नाही, नुसतं त्याचं दाढीचं यंत्र चालू. आता तुम्हीच विचार करा, सात-आठ वर्षांच्या पोरानं हे पाहिलं तर काय होईल? तिथल्या अनेकांनी मोठेपणी हीच आठवण सांगितली आहे: शाळेतून घरी आलो, आई दिसली नाही, हाका मारल्या, उत्तर आलं नाही, आणि पोटात गोळा आला की झालं, सगळे वर गेले आणि मी एकटाच राहिलो. आई बिचारी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत असायची. कितीतरी मुलं रोज रात्री झोपताना तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा करायची, येशू माझ्या हृदयात ये, कारण कालची प्रार्थना नीट लागली की नाही याची खात्री नसायची.

मला विचाराल तर या सगळ्यातलं सगळ्यात वाईट हेच आहे. मोठ्या माणसाला भीती घातली तर तो वाद घालेल, निघून जाईल. लेकरू कुठं जाणार?

आता एका बाईची गोष्ट सांगते. तिचं नाव रेचल हेल्ड इव्हान्स. १९८१ साली अलाबामा राज्यात जन्मली. लहानपणी शाळेत उत्तम ख्रिस्ती वृत्तीचं बक्षीस मिळवणारी मुलगी. आईवडील प्रेमळ होते, मारझोड नाही, काही नाही. हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टीत आपण लगेच एखादा दुष्ट माणूस शोधतो. वडिलांना नोकरी लागली म्हणून कुटुंब टेनेसी राज्यातल्या डेटन गावात आलं. हे गाव साधंसुधं नाही बरं का. १९२५ साली तिथं जॉन स्कोप्स नावाच्या शिक्षकावर खटला चालला होता, कारण माणूस आधीच्या प्राण्यांपासून उत्क्रांत झाला असं शाळेत शिकवायला त्या राज्यात कायद्यानं बंदी होती. शिक्षकाला १०० डॉलर दंड झाला. शिक्षकाविरुद्ध बाजू मांडणारे मोठे पुढारी विल्यम जेनिंग्ज ब्रायन खटल्यानंतर पाचच दिवसांत त्याच गावात वारले आणि त्यांच्या नावानं तिथं कॉलेज निघालं. आपली रेचल त्याच कॉलेजात शिकली. तिथं सगळ्या प्रश्नांची उत्तरं तयार मिळत. कुणी असं विचारलं तर असं सांगा, कुणी तसं विचारलं तर तसं.

आणि मग तिनं टीव्हीवर अफगाणिस्तानातल्या बायांवरची एक फिल्म पाहिली. त्यात झरमीना नावाची बाई होती. नवऱ्याच्या खुनाच्या आरोपावरून तालिबाननं १९९९ साली काबूलच्या स्टेडियममध्ये, गर्दीसमोर, तिला गुडघ्यावर बसवून गोळी घातली. निळा बुरखा, आत लेकरांची आई. तिथल्याच बायांच्या एका संघटनेनं लपवून ते चित्रण केलं होतं.

रेचलच्या डोक्यात एकच प्रश्न आला. तिला शिकवलं होतं की येशूवर विश्वास न ठेवता जो मरतो तो कायमचा नरकात जातो. मग ही झरमीना, जिनं आयुष्यभर नरक पाहिला, ती मेल्यावरही नरकातच? का, तर ती काबूलमध्ये मुसलमान घरात जन्मली आणि मी अलाबामात ख्रिस्ती घरात जन्मले म्हणून? हे तर सोडतीत नंबर लागल्यासारखं झालं. तिनं लोकांना विचारलं. तयार उत्तरं आली: देवाचे मार्ग आपल्याला कळत नाहीत, तू शंका घेऊ नकोस. पण या वेळी उत्तर गळ्याखाली उतरेना.

इथं थांबून बघा. ही बाई धर्मावर चिडून बाहेर पडली नाही, तिला कुणी फितवलंही नाही. दुसऱ्या बाईचं दुःख बघून तिला वाटलं, माझा देव याहून मोठा असला पाहिजे. आपल्या गटातही असंच होतं ना? शिवाशीव पाळणारी मोठी आई हप्ता गोळा करायला त्या आळीत जायला लागली, तिथल्या बाईचं आजारपण तिनं डोळ्यानं पाहिलं, आणि तिसऱ्या महिन्यात तिथला चहा प्यायली. कुणी भाषण दिलं नव्हतं.

रेचल लगेच बाहेर पडली नाही. वर्षं गेली. तिशीच्या आत तिनं लहानपणापासूनच्या वळणाचं चर्च सोडलं, काही मित्रमैत्रिणींबरोबर छोटी मंडळी काढून पाहिली, तीही चालली नाही. शेवटी ती एपिस्कोपल पंथाच्या एका चर्चमध्ये जाऊ लागली. तिथं सगळ्यांनी एकत्र येऊन भाकर मोडणं आणि प्याला घेणं याला मोठं महत्त्व आहे. प्रश्न विचारले म्हणून कुणी बाहेर काढत नाही. बाई पाळकही असतात. तिनं पुस्तकं लिहिली, ती खूप वाचली गेली, आणि ज्यांना वाटत होतं की असं वाटणारी मी एकटीच, अशा हजारो बायांनी तिला पत्रं पाठवली.

तिची एक गंमत तर तुम्हाला सांगायलाच हवी. तिच्या भागातले पुढारी म्हणायचे, बायकांनी पवित्र शास्त्राप्रमाणे वागावं. ती म्हणाली, बरं, वागते की! २०१० च्या ऑक्टोबरपासून वर्षभर तिनं शास्त्रातल्या बायांविषयीच्या सगळ्या सूचना अक्षरशः पाळल्या. डोकं झाकलं. नवऱ्याला मालक म्हटलं. (यात काय विशेष, असं म्हणून काही जणी हसत असतील.) कटकट्या बायकोसोबत राहण्यापेक्षा घराच्या छपराच्या कोपऱ्यात राहिलेलं बरं अशा अर्थाचं वचन आहे, म्हणून कटकट केली की ती स्वतःच छपरावर जाऊन बसायची. आणि लेवीय नावाच्या पुस्तकात पाळीच्या दिवसांचे नियम आहेत, म्हणून तिनं घरासमोरच्या अंगणात तंबू ठोकला आणि पाळीत त्यात राहिली. दुसऱ्याच्या खुर्चीला विटाळ नको म्हणून स्वतःची बसायची गादी बरोबर घेऊन हिंडायची. कावळा शिवल्यावर बाहेर बसणं ही आपल्याकडचीच गोष्ट असं आपल्याला वाटतं. ते नियम त्यांच्याही जुन्या पुस्तकात आहेत. फक्त तिथले पुढारी तो नियम सोयीस्कर विसरले होते आणि नवऱ्याचं ऐका हा तेवढा धरून बसले होते. रेचलला हेच दाखवायचं होतं: शास्त्र जसंच्या तसं पाळतो म्हणणारा प्रत्येक जण त्यातून निवड करतोच. मग निवडच करायची तर प्रेमाच्या बाजूनं का करू नये?

त्याच वर्षात तिला एक सापडलं, ते बचत गटाच्या बायांसाठीच लिहिलंय की काय असं मला वाटतं. नीतिसूत्रे नावाच्या पुस्तकात एकतिसाव्या अध्यायात एका बाईचं वर्णन आहे. ती पहाटे उठते, सूत कातते, शेत पारखून विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, माल विकते, गरिबाला हात देते. तिथल्या चर्चमध्ये बायांना हा अध्याय तपासणी यादीसारखा दाखवत. तू पहाटे उठलीस का? हे केलंस का? नाही? मग तू कमी पडलीस. रेचलची एक यहुदी मैत्रीण होती. ती म्हणाली, अगं, आमच्यात ही यादी नाहीच, हे गाणं आहे. शुक्रवारी रात्री शब्बाथ सुरू होताना आमच्याकडे नवरा हे बायकोसाठी म्हणतो, तिनं आठवडाभर जे केलं त्याच्या कौतुकाचं. त्याची सुरुवात 'एशेत खाईल' या हिब्रू शब्दांनी होते, म्हणजे शूर बाई, पराक्रमी बाई. आम्ही मैत्रिणी एकमेकींना शाबासकी देतानाही हेच म्हणतो.

शब्द तेच, ओळी त्याच. एका घरात त्याचा धाक झाला आणि दुसऱ्या घरात तेच कौतुक.

रेचल २०१९ च्या ४ मे रोजी वारली, आजारपणात मेंदूला सूज येऊन. सदतीस वर्षांची होती. मागं नवरा आणि दोन लहान लेकरं.

बाहेर पडणं सोपं असतं असं मात्र मी तुम्हाला सांगणार नाही. कार्लटन पिअर्सन हे ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरातले मोठे काळे धर्मगुरू. त्यांच्या चर्चमध्ये हजारो माणसं यायची, टीव्हीवर नाव होतं. रवांडातल्या निर्वासितांची उपाशी मुलं टीव्हीवर दिसत होती आणि स्वतःची छोटी मुलगी जवळ होती, तेव्हा त्यांच्याही मनात तोच प्रश्न आला: ही मुलं मेली की नरकात? त्यांनी सांगायला सुरुवात केली की देव सगळ्यांना आधीच जवळ घेऊन बसलाय, कायमच्या नरकाची गोष्ट खरी नाही. २००४ साली त्यांच्याच लोकांतल्या बिशपांनी त्यांना पाखंडी ठरवलं. हजारोंचे शेकडो झाले, चर्चची इमारतही हातची गेली. शेवटी उरलेली मंडळी शहरातल्या दुसऱ्या, उदार मताच्या चर्चमध्ये सामील झाली. ते २०२३ मध्ये वारले.

आणि सगळेच जण मवाळ श्रद्धेकडे येतात असंही नाही. जोशुआ हॅरिस नावाच्या तरुणानं १९९७ साली, विशीतच, मुलामुलींनी लग्नाआधी भेटूबोलूच नये अशा अर्थाचं पुस्तक लिहिलं. ते दहा लाखांहून जास्त खपलं. कितीतरी मुली त्यामुळे स्वतःच्या शरीराची लाज बाळगत मोठ्या झाल्या. पुढं त्याला ते पटेना. २०१८ साली त्यानं पुस्तकाची छपाई थांबवायला लावली, आणि दुसऱ्या वर्षी सांगितलं की मी आता ख्रिस्ती उरलो नाही. त्याचा रस्ता त्याचा. पण फार ताणून बांधलेलं कधी कधी पुरतं तुटतं, हे घाबरवणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं.

किंमत कशाची मोजावी लागते, तर माणसांची. कडक मंडळीत सगळंच वाईट असतं असं नाही. बाळंतपणात डबा येतो, आजारपणात रात्र जागायला कुणीतरी येतं, मेल्यावर खांदा मिळतो. ती मंडळी सोडली की डबाही थांबतो. म्हणून बाई आत दहा वर्षं घुसमटते पण बाहेर पडत नाही. तिला भित्री म्हणू नका.

दुसरी गोष्ट, डोक्यानं सोडलं तरी अंग सोडत नाही. मार्लीन विनेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाई, स्वतः मिशनरी आईवडिलांची मुलगी, त्यांनी १९९३ साली यावर पुस्तक लिहिलं आणि २०११ मध्ये या त्रासाला धार्मिक आघात असं नाव दिलं. डॉक्टरांच्या अधिकृत आजारांच्या यादीत ते नाव नाही, पण त्यांनी सांगितलेली लक्षणं ओळखीची वाटतील: नरक खोटा असं पटलेलं असूनही वीज कडाडली की छातीत धडधड, रात्री दचकून जाग, साधा निर्णय घेतानाही पाप तर होत नाही ना ही शंका. लहानपणी विहिरीत पडता पडता वाचलेल्या माणसाला पुढं पोहता आलं तरी काठावर उभं राहिलं की पोटरी थरथरते, तसंच हे. याला वेळ लागतो. घाई करू नये, आणि अजून भीती वाटते म्हणजे माझा विश्वास कच्चा, अशी नवी भीती तर अजिबात घालून घेऊ नये.

हे सगळं दूरदेशीचं झालं. आपल्याकडच्या दोन माणसांची नावं घेतल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या धर्मभगिनींना वाटलं, आता ही आमचं मुकाट ऐकेल. रमाबाई कसल्या ऐकतात! त्यांनी पत्रांतून स्पष्ट कळवलं की एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलंय, लगेच दुसरं घ्यायची माझी तयारी नाही, माझी सद्सद्विवेकबुद्धी मला आहे. ज्यांच्या आधारानं राहत होत्या त्यांनाच हे लिहिलं, परक्या मुलखात, पदरात लहान मुलगी असताना. पुढं त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावला बसून साध्या बायांना वाचता येईल अशा सोप्या मराठीत अख्ख्या बायबलचं भाषांतर त्यांनी केलं. बाईला स्वतः वाचता आलं की दुसरा कुणी तिला घाबरवू शकत नाही, हे त्यांना कळलं होतं.

दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. नगरकडच्या मैत्रिणींना सांगायला नको, उपासनासंगीतातली त्यांची गीतं त्यांना पाठ असतील. तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो अशा अर्थाचं ते सांगायचे. ख्रिस्ताला त्यांनी माउली म्हटलं. जो देव आई आहे त्याला घाबरून कसं चालेल? १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढं पाच वर्षांनी घेतला, स्वतःच्या मनानं, स्वतःच्या वेळेनं. ती सगळी हकीकत त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहिली आहे. आपल्या वाचनालयात असेल तर जरूर मागा, हसून हसून पुरेवाट होते आणि मधेच डोळेही भरतात.

आता ज्या बहिणीनं फोन केला तिच्यासाठी, आणि तिच्या गटातल्या बाकीच्यांसाठी थोडं. बाई, तुझी प्रार्थना सोडू नकोस, ती तुझी आहे. तुझ्याच पुस्तकात योहानाच्या पहिल्या पत्रात चौथा अध्याय काढ, प्रेम पुरतं आलं की भीतीला जागा उरत नाही असा विचार तिथं आहे. लूकच्या पंधराव्या अध्यायात घर सोडून गेलेल्या मुलाची गोष्ट आहे. तिथला बाप मुलाचा हिशोब मागत बसत नाही, लांबून दिसताच पळत सुटतो. दोन्ही एकटीनं, शांतपणे वाच. ज्या सभेतून घरी येताना दर वेळी छाती जड होते, तिथं एखादा आठवडा न जाऊन बघ. नवऱ्याशी, सासूशी एकदम वाद नको. आधी एक माणूस शोध ज्याच्याकडे बोललेलं बाहेर जात नाही. कुणी म्हटलं की औषध घेणं म्हणजे अविश्वास, तर तेवढं मात्र ऐकायचं नाही. गोळी चालू असेल ती चालूच ठेवायची. प्रार्थना आणि दवाखाना यांचं भांडण नाही. झोप उडाली असेल, जीव नको वाटत असेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं.

गटातल्या बाकीच्यांनी दोन गोष्टी टाळा. एक, हसू नका. "बघ, तुमच्या धर्मात असलंच," हे तर बोलूच नका, नाहीतर ती आहे त्याच कुंपणात परत जाऊन बसेल. दोन, तिला आपल्या देवाकडे ओढायची घाई करू नका. एका धाकातून सुटलेली बाई दुसऱ्याच्या ओढाओढीत सापडली तर तिला उसंत कधी मिळणार? तिला बैठकीला बोलवा, सतरंजीवर शेजारी बसवा, तिची बचत वहीत लिहा. तिची मंडळी डबा देणं थांबवेल त्या आठवड्यात आपला डबा गेला पाहिजे. कोण कधी देणार ते आधीच ठरवून ठेवा, म्हणजे ऐन वेळी एकमेकींकडे बघत बसावं लागणार नाही.

पुढच्या मंगळवारी याच वेळेला पशुसखी ताई येणार आहेत, पावसाळ्याआधीच्या जंतनाशकाबद्दल बोलायला. शेळ्यांचे प्रश्न लिहून ठेवा.